गोपनीयता फक्त पेशंटपासून

२०२४ च्या जुलैमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातला एक व्हिडिओ घरोघरी फिरला. खायच्या कागदी प्लेटा आणि त्यांच्यावर पेशंटांची नावं छापलेली. खुलासा आला की हे अहवाल नव्हेत, सीटी स्कॅनच्या जुन्या फोल्डरांची रद्दी आहे, रद्दीवाल्याला देताना फाडायची राहून गेली. सहा कर्मचाऱ्यांना नोटिसा गेल्या. प्लेट नेमकी कशाची, यावर चार दिवस वाद झाला आणि प्रकरण थंडावलं. ज्याचं नाव भज्यांखाली आलं त्याला कोणी काय द्यायचं, हे विचारलेलं मला तरी ऐकू आलं नाही.

उत्तर कायद्यात आहे: काहीच नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डिजिटल माहितीला लागू होतो, किंवा आधी कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेल्या माहितीला. जो कागद शेवटपर्यंत कागदच राहिला, तो या कायद्याच्या लेखी जन्मालाच आलेला नाही. म्हणजे आमच्या नागपुरातल्या गल्लीबोळातल्या बहुतेक दवाखान्यांचा कारभार कायद्याबाहेर. केसपेपर कपाटात, कपाट जिन्याखाली, आणि जिन्याखाली पार्किंगवाल्याची खुर्ची.

नागपूर हे दवाखान्यांचं गाव आहे. धंतोली-रामदासपेठेत एका गल्लीत जितके बोर्ड दिसतात तितके काही तालुक्यांत मिळून नसतील. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया तर सोडाच, बालाघाट, छिंदवाडा, बैतूल, आदिलाबादहून माणसं पिशवीत फाईल घेऊन इथे उतरतात. त्या पिशवीतलं कोणाकोणाला माहीत असतं याची यादी करून पाहा. खिडकीवरचा माणूस, वॉर्डबॉय, लॅबचा पोऱ्या, औषधवाला, विम्याचे दावे पाहणाऱ्या टीपीएच्या टेबलावरची मुलगी, विमा एजंट, अँब्युलन्सवाला, आणि ज्यांना पेशंट पाठवल्याबद्दल पाकीट मिळतं ते सगळे. खिडकीवर तर जाहीर सभाच असते. मागे पन्नास माणसं उभी, आणि आतून आवाज येतो, "बाई, मागच्या पाळीची तारीख जोरात सांगा ना, ऐकू येऊन नाही राहिलं!" बाई सांगते. न सांगून जाते कुठे?

आणि आता तुम्ही स्वतः जाऊन म्हणा, की माझी फाईल द्या, मला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची आहे. तिथे मात्र गोपनीयता अचानक जागी होते. "असं नाही देता येत जी, कॉन्फिडेन्शियल असते." मग अर्ज, मग मोठ्या साहेबांची सही, मग साहेब कॉन्फरन्सला गेलेले, मग झेरॉक्सचे पैसे, मग रेकॉर्ड रूमची किल्ली ज्याच्याकडे आहे तो सुटीवर. या देशात पेशंटची माहिती ज्या एकाच माणसापासून जिवापाड जपली जाते तो माणूस म्हणजे खुद्द पेशंट. माझा सगळा राग एवढ्यावरच आहे.

हा राग बेकायदेशीर नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलसंबंधीच्या खटल्यात बजावलं होतं की केसपेपरच्या प्रती पेशंटला वा त्याच्या नातेवाइकांना द्याव्या लागतील, गोपनीयतेची सबब चालणार नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने मुदत ठरवली: मागितल्यापासून ७२ तासांत. २०२१ मध्ये राज्याने शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद घातली. ती भिंतीवर लावायची असते. बऱ्याच ठिकाणी लावलेलीही आहे, गणपतीच्या फोटोच्या बाजूला, वाचता येणार नाही इतक्या उंचीवर.

आता या सगळ्याचं डिजिटलीकरण होत आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. आभा हा चौदा आकडी आरोग्य-ओळखक्रमांक सत्तर कोटींहून अधिक लोकांना मिळाला आहे. त्यातल्या कित्येकांना तो कधी मिळाला हेच माहीत नाही, कारण कोविडच्या लशीसाठी आधार दाखवलं तेव्हाच कोविनवरून त्यांचा आरोग्य-ओळखक्रमांक तयार झाला होता. कागदावर ही रचना वाईट नाही, हे मी कबूल करतो. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते. दुसऱ्याला हवी असेल तर तुमची संमती मागितली जाते. ती कशासाठी, किती दिवसांसाठी, हे तुम्ही ठरवता. नंतर काढूनही घेता येते. वाचताना माणूस सुखावतो. मग माणूस ओपीडीत जातो. तिथे संमतीचं रूप असं असतं: "ओटीपी आला का? सांगा लवकर, मागे लाईन आहे." आजोबा मोबाईल पोरीच्या हातात देतात, पोरगी सहा आकडे वाचते. झाली संमती. भरती होताना ज्या चळतीवर "इथे, इथे आणि इथे" सह्या घेतात, तिचं हे धाकटं भावंड.

सरकारने नोंदींना भावही लावला आहे. जानेवारी २०२३ मध्ये प्रोत्साहन योजना सुरू झाली: ठरावीक संख्येच्या वर आभाशी जोडलेल्या प्रत्येक नोंदीमागे दवाखान्याला २० रुपये, आणि वरची मर्यादा ४ कोटी. माझी नोंद जोडली की दवाखान्याला वीस रुपये. ती फुटली तर मला किती, याचा दर कुठे छापलेला नाही.

संगणक आला की सुरक्षा येते, असा एक समज आहे. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन थोरल्या सरकारी रुग्णालयांना विचारा. राज्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत वर्षानुवर्षं चाललेली एचएमआयएस ही संगणक व्यवस्था २०२२ च्या पावसाळ्यात बंद झाली, चालवणाऱ्या कंपनीशी बिनसलं म्हणून. खिडकीवर पुन्हा पेन आलं, पुन्हा रजिस्टर आलं. पुढे दुसरी व्यवस्था बसवली गेली. पण जुन्या नोंदी कोणाच्या ताब्यात, कोणत्या अटीवर, हे त्या पेशंटांना कोणी पत्र पाठवून कळवलं? मेडिकलमध्ये येणाऱ्या माणसाला अशी पत्रं येत नसतात. त्याला फक्त "जुना कागद आणा" एवढंच सांगतात.

दिल्लीच्या एम्सचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. २३ नोव्हेंबर २०२२ ला खंडणीखोर व्हायरसने सर्व्हर गोठवले, दोन आठवडे देशातलं पहिल्या क्रमांकाचं रुग्णालय हाताने लिहीत बसलं. सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असं सरकारने संसदेत सांगितलं. कारण काय, तर नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते. पुढच्या जूनमध्ये टेलिग्रामवरचा एक बॉट मोबाईल क्रमांक टाकताच कोविनची माहिती ओकू लागला. आरोग्य मंत्रालयाने आधी या बातम्या निराधार आणि खोडसाळ ठरवल्या. नंतर दिल्ली पोलिसांनी बिहारमधून एकाला पकडलं. निराधार गोष्टीसाठी माणूस कसा पकडला जातो, हे मला अजून कळलेलं नाही. २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची कागदपत्रं, वैद्यकीय अहवालांसकट, पुन्हा टेलिग्रामवरच मिळू लागली. ग्राहक तीन कोटींच्या वर. आणि महाराष्ट्राने मान ताठ करावी अशीही एक गोष्ट आहे: ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन कंपनीने जगभरचे उघडे पडलेले एक्सरे-स्कॅनचे सर्व्हर मोजले, तेव्हा भारतातल्या राज्यांत उघड्या नोंदींच्या संख्येत आपण पहिले आलो, तीन लाखांच्या वर. चोराला कुलूप तोडावंच लागलं नव्हतं, पासवर्डच नव्हता.

एवढ्या मोठ्या आकड्यांत माणूस हरवतो, म्हणून एक लहान गोष्ट सांगतो. माझ्या आईची रक्ततपासणी शहरातल्या एका लॅबमध्ये केली. अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर येणार होता. तो आला, आणि त्याच आठवड्यात फोनही येऊ लागले. "मॅडमची शुगर वाढली आहे ना, आमच्याकडे आयुर्वेदिक कोर्स आहे." मॅडमची शुगर वाढल्याचं मॅडमना स्वतःला अजून धड समजलं नव्हतं; डॉक्टरांची वेळ शनिवारची होती. लॅबमध्ये जाऊन विचारलं, तर काउंटरवरच्या मुलाने अतिशय मायेने समजावलं, "सर, आजकाल डेटा कुठूनही जातो." जणू डेटा म्हणजे डास. आई मात्र त्या फोनवाल्याशी छान बोलली. तिचं म्हणणं, निदान त्याने विचारपूस तरी केली.

आता त्या मुलाच्या मालकाला मी कोणत्या कायद्याने धरणार, ते पाहू. इथे मूळ दुखणं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

२०११ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नियम झाले. त्यांत 'संवेदनशील' माहितीची यादी होती आणि तीत शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी, लैंगिक कल, बायोमेट्रिक असं सगळं होतं. त्याच कायद्याचं ४३ अ हे कलम सांगतं की कंपनीच्या निष्काळजीपणामुळे अशी माहिती फुटून तुमचं नुकसान झालं तर तिने तुम्हाला भरपाई द्यायची. लंगडं का असेना, पण होतं. मग २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या नवांत आमच्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते, त्यांचं स्वतंत्र निकालपत्रही आहे. त्याच २०१७ मध्ये संसदेने एचआयव्हीबाधितांसाठी कायदा केला: संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करायची नाही. मानसिक आरोग्य कायद्यातही गोपनीयतेचं कलम आलं. म्हणजे करायचं ठरवलं तर आमच्या संसदेला हे लिहिता येतं, हे सिद्ध झालं. हाही इतिहास आहे की १९९८ मध्ये याच सर्वोच्च न्यायालयाने, ज्याचा एचआयव्ही अहवाल रुग्णालयाकडून बाहेर गेला आणि त्यापायी ज्याचं लग्न मोडलं, त्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं, वर त्याचा लग्नाचा हक्कही स्थगित ठरवला होता. हे शेरे गरजेबाहेरचे होते असं म्हणायला न्यायालयाला २००२ साल उजाडावं लागलं.

मार्च २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 'दिशा' नावाचा मसुदा हरकतींसाठी ठेवला. मी तो वाचला आहे आणि आजही हळहळतो. आरोग्याच्या माहितीचा मालक पेशंट, असं त्यात सरळ लिहिलं होतं. विमा कंपन्या, नोकरी देणारे, औषध कंपन्या यांना ती धंद्यासाठी देण्यास नाव घेऊन बंदी होती. गंभीर भंगाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. त्याच वर्षी जुलैत न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनेही आरोग्याची माहिती संवेदनशील वर्गात घातली. मग काय झालं? दिशा संसदेपर्यंत गेलीच नाही. थोरला कायदा येतो आहे, त्यात सगळं येईल, असं सांगून धाकटीला घरी बसवलं.

थोरला कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये आला. त्यात 'संवेदनशील' हा वर्गच नाही. तुमचा कॅन्सरचा अहवाल आणि तुमच्या बुटाचा नंबर कायद्याच्या नजरेत एकाच पंक्तीला. दंड मोठा आहे, २५० कोटींपर्यंत, आणि बातमीत तोच छापून आला. तो दंड जातो भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याला एक रुपया नाही. वर हाच कायदा ते ४३ अ कलम काढून टाकतो, म्हणजे भरपाईची होती ती वाटही बुजवतो. दिवाणी न्यायालयाचं दारही बंद. पण पेशंटला अगदीच वगळलं आहे असं समजू नका, त्याची आठवण ठेवली आहे. त्याची कर्तव्यं लिहिली आहेत. खोटी किंवा उथळ तक्रार केली तर त्याला दहा हजारांपर्यंत दंड. उथळ कशाला म्हणायचं? ते या कायद्याखालचं डेटा संरक्षण मंडळ ठरवेल. मी माझ्या आईची तक्रार घेऊन गेलो आणि लॅबचा वकील म्हणाला की फोन आमच्यामुळेच आले याला पुरावा काय, तर मी दहा हजारांची तयारी ठेवलेली बरी.

आणि अंमलबजावणीचा क्रम पाहा, म्हणजे नियत कळते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती अधिकार कायद्यातलं ८(१)(ञ) कलम बदलून, वैयक्तिक माहिती आहे म्हणून नागरिकाला नकार देणं सोपं करणारी दुरुस्ती त्याच वेळी लागू झाली. पेशंटला हक्क देणारी आणि दवाखान्यावर जबाबदारी टाकणारी कलमं अठरा महिन्यांनी, २०२७ च्या मे महिन्यात. झाकायचं ते तत्काळ, जपायचं ते सवडीने.

परदेशात सगळं सोन्याचं आहे असं म्हणायला मी बसलेलो नाही. अमेरिकेत १९९६ पासून आरोग्य-माहितीचा हिपा कायदा आहे, आणि तरीही २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या एका कंपनीवरच्या हल्ल्यात सुमारे १९ कोटी लोकांची माहिती गेली. फिनलंडमध्ये वस्तामो या मानसोपचार केंद्राच्या नोंदी चोरीला गेल्या. २०२० मध्ये चोराने हजारो पेशंटांना एकेक करून पत्रं पाठवली, पैसे टाका नाहीतर तुम्ही थेरपिस्टला काय सांगितलंत ते छापतो. सिंगापूरमध्ये २०१८ ला १५ लाख पेशंटांची माहिती गेली, त्यात खुद्द पंतप्रधान. चोऱ्या सगळीकडे होतात. फरक चोरी झाल्यावर दिसतो. सिंगापूरने चौकशी समिती बसवली, तिची सुनावणी बऱ्याच अंशी जाहीर केली आणि सरकारी आरोग्यसंस्थांनाच दहा लाख सिंगापूर डॉलरचा दंड लावला. फिनलंडच्या त्या गुन्हेगाराला २०२४ मध्ये सहा वर्षांहून जास्त कैद झाली. अमेरिकेत पाचशे किंवा त्याहून अधिक लोकांची माहिती फुटली की संस्थेचं नाव सरकारी यादीत लागतं, कोणीही वाचावं.

पण मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण चोरीचं नाहीच. पोर्तुगालमध्ये बारेइरू नावाचं गाव आहे. तिथल्या रुग्णालयात डॉक्टर २९६ आणि संगणकावर डॉक्टर म्हणून नोंदलेली खाती ९८५! युरोपचा जीडीपीआर हा डेटा कायदा लागू झाला त्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्या रुग्णालयाला चार लाख युरोचा दंड ठरला. काही फुटलं होतं का? नाही. नको त्यांना पाहता येत होतं, एवढंच. हा निकष नागपूरला लावला तर किती दवाखाने उरतील? एकाच पासवर्डवर अख्खी पाळी चालते, आणि तो पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो. एस्टोनियासारखा चिमुकला देश तर नागरिकाला दाखवतो की तुमची नोंद कोणी, कधी उघडली. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये 'माय हेल्थ रेकॉर्ड' सक्तीसारखं आलं, तेव्हा पंचवीस लाख लोक बाहेर पडले. त्या रेट्याने संसदेला कायदा बदलावा लागला: पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय नोंद मिळणार नाही, विमा कंपनीला मिळणारच नाही, आणि खातं पुसा म्हटलं की कायमचं पुसायचं.

यावर आमचं ठरलेलं उत्तर: आपल्याकडे हे जमत नाही जी, आपली माणसं तशी नाहीत. खोटं आहे. आपलीच माणसं रोज रात्री हे करतात. नागपूरसह देशभर हजारो पोरं रात्रपाळीत अमेरिकन पेशंटांची बिलं आणि कोडिंग करतात. अशा ऑफिसांत मोबाईल बाहेरच्या कप्प्यात ठेवावा लागतो, स्क्रीनचा फोटो काढला तर नोकरी जाते, कोणी कोणती फाईल उघडली त्याची नोंद राहते. कारण अमेरिकेने २००९ पासून बाहेर काम देणाऱ्यांबरोबर काम घेणाऱ्यांनाही थेट जबाबदार धरलं आहे. तोच पोरगा सकाळी बापाला घेऊन ओपीडीत उभा राहतो आणि बापाच्या मूळव्याधीची चर्चा पन्नास लोकांसमोर ऐकतो. ओहायोच्या अनोळखी म्हाताऱ्याचं गुपित तो रात्रभर सांभाळतो, कारण तिथे कायदा आहे. बापाचं सांभाळायला त्याला कोणी सांगितलेलं नाही.

आता विदर्भाच्या खास दुखण्याकडे येतो. सिकलसेल. हा रक्ताचा आनुवंशिक विकार, आणि विदर्भात तो अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजांत अधिक दिसतो. म्हणून आमच्याकडे 'एएस' आणि 'एसएस' ही अक्षरं गावातल्या शेतमजुरालाही ठाऊक असतात: 'एसएस' म्हणजे आजारी, 'एएस' म्हणजे वाहक. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट. तपासणी झाली की कार्ड मिळतं, रंगावरून स्थिती कळते, आणि लग्न जमवताना कार्डं जुळवून पाहा असा सल्ला दिला जातो. तपासणीला माझा विरोध नाही. ज्याने एकदा सिकलसेलच्या कळा येणारं पोर पाहिलं आहे तो विरोध करूच शकत नाही. आजारी माणसाला औषध मिळतं, अपंगत्वाच्या कायद्याचा लाभ मिळतो. वाहकाला काय मिळतं? तो आजारी नाही, त्याला औषध लागत नाही. त्याला मिळते फक्त माहिती, आणि तीच माहिती आशाताईंच्या रजिस्टरात, शाळेच्या तपासणीच्या यादीत, पोर्टलवर. वाहक मुलगी 'दोष असलेली' ठरायला त्या यादीचा एक फोटो पुरतो. मुलाला तोच प्रश्न क्वचित विचारतात. आणि ही यादी ज्या समाजांची आहे, त्यांच्या बाबतीत ती रोगाची यादी राहत नाही, जातीचीही होते.

युरोपचा कायदा आनुवंशिक माहितीला वेगळ्या, कडक वर्गात घालतो. अमेरिकेने २००८ मध्ये स्वतंत्र कायदा करून आरोग्यविमा आणि नोकरीत जनुकांवरून भेदभाव करायला बंदी घातली. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आरोग्यविम्यात असा भेदभाव घटनाबाह्य ठरवला, पण ते विम्यापुरतं. सात कोटी लोकांच्या रक्ताची आनुवंशिक नोंद करायला निघालेल्या देशाच्या डेटा कायद्यात 'आनुवंशिक' हा शब्दच नाही. राज्याला लाभ देण्यासाठी माहिती वापरायची तर वेगळी संमतीही लागत नाही, तो 'वैध वापर' आहे. आणि आपलं राज्य अशी माहिती किती नाजूकपणे हाताळतं, ते मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने दाखवलं आहे. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर कोविडच्या विलगीकरणाचा शिक्का मारला होता. गोपनीय नोंद ठेवायची एवढी सोय, की थेट कातडीवर.

डॉक्टर मित्र म्हणतात, तू आम्हाला चोर ठरवतोस. नाही. दहा खाटांचं नर्सिंग होम चालवणाऱ्याला सायबरसुरक्षा अधिकारी परवडत नाही, हे मलाही कळतं. पण मी मागतो ते महाग नाही. काउंटरवरून मोठ्याने न विचारणं फुकट आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळा पासवर्ड देणं फुकट आहे. रद्दी द्यायच्या आधी फाडणं जवळपास फुकट आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये बिलाचा पैसा पैसा मोजला जातो, त्यात माझी फाईल कोणी उघडली याची नोंद ठेवता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. महाग पडेल ते सरकारला: फुटलेल्या माहितीची भरपाई पेशंटला द्या, आरोग्याची आणि जनुकांची माहिती पुन्हा संवेदनशील ठरवा, आणि ती दहा हजारांची धमकी काढा. हिवाळी अधिवेशनाला दरवर्षी अख्खं मंत्रिमंडळ आमच्या गावात येतं, संत्र्याची बर्फी घेऊन परत जातं. रुग्णालयांचा कारभार हा राज्याचाच विषय आहे. एखाद्या डिसेंबरात राज्याने आपल्या दवाखान्यांपुरता तरी कायदा इथेच मांडावा, मसुदा दिशाचा तयार आहे.

तोवर वाचकांनी दोन कामं करावीत. पुढच्या वेळी दवाखान्यातून निघताना पूर्ण फाईलची प्रत लेखी अर्ज करून मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्या, आणि ७२ तास मोजा. आणि खासगी लॅबच्या, दवाखान्याच्या किंवा विमा कंपनीच्या संगणकातून तुमचे अहवाल फुटून नुकसान झालं असेल, तर ४३ अ कलम मे २०२७ पर्यंत जिवंत आहे, हे लक्षात ठेवा. अर्ज राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे करायचा, पाच कोटींपर्यंतचे दावे तेच ऐकतात. मेडिकल, मेयो आणि डागा या सरकारी स्त्री रुग्णालयाच्या पेशंटांना तोही रस्ता नाही. ते कलम कंपन्यांना आणि व्यावसायिकांना लागू आहे, सरकारी दवाखान्यांना नाही.